वाड्याचं आगर पाहुण्यांसाठी खुलं करताना

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. गुहागर तालुक्यात पणजोबांनी बांधलेला जांभ्याचा वाडा, भोवती दोन एकर आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग, साठेक माड, दोनशेच्या वर पोफळी (सुपारीची झाडं), मागं रहाटाची जुनी विहीर आणि समुद्राच्या अंगाला उंडीच्या झाडांची रांग. दिवाळीपासून सहा खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आहेत. बाग आखून देणाऱ्या माणसानं समोर तीन गुंठे हिरवळ, बेड्यापासून (आगराच्या फाटकापासून) ओटीपर्यंत पेव्हर ब्लॉकचा रस्ता, कडेनं शोभेचे पाम आणि समुद्र दिसावा म्हणून उंडी काढणं सुचवलंय. फळ न धरणारे दोन रातांबे (कोकमाची झाडं) आणि फुलांचा कचरा करणारी एक सुरंगीही तोडा म्हणतो. करावं का, असं तुम्ही भावंडं विचारता.

नका करू. निदान एक पावसाळा हात लावू नका.

गेली सव्वीस वर्षं मी श्रीवर्धनपासून गुहागरपर्यंतच्या जुन्या घरांची आगरं सांभाळायला मदत करते आहे. त्यातली बरीचशी आता पाहुण्यांसाठी खुली आहेत. जिथं जिथं घाई झाली तिथं नुकसान एकाच जागी झालं, पाण्यात. आगर आखलेलं असतं ते पाण्याच्या हिशोबानं. कुठला पाट कुठून वळतो, कुठला गडगा (दगडी बांध) कुठं थांबतो, न्हाणीघर त्याच कोपऱ्यात का, यातलं काहीही उगाच नसतं. पण उन्हाळ्यात आगर बघायला आलेल्या माणसाला हे दिसत नाही. त्याला कोरडी चर दिसते आणि ती बुजवावीशी वाटते.

म्हणून पहिलं काम सांगते. आषाढातल्या मोठ्या पावसात, चांगला कोसळत असताना, छत्री घेऊन वाड्याभोवती दोन फेऱ्या मारा. गावातला जो म्हातारा आगरी तुमच्याकडे शिंपणं करत असे तो हयात असेल तर त्याला बरोबर घ्या. पागोळ्या कुठं पडतात बघा. जुन्या घरांत पागोळीच्या बरोबर खाली जांभ्याची उथळ चर असते. तिथून पाणी जोत्यापासून लांब जातं, मग पाटाला मिळतं, पाट पोफळीच्या ओळींमधून उतरतो आणि शेवटी वहाळाला लागतो. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे दोनशे चौरस मीटरच्या छपरावर एका पावसाळ्यात सहा लाख लिटर पाणी. एवढं पाणी ज्या वाटेनं दीडशे वर्षं बिनबोभाट जात आलं, ती वाट कागदावर काढून घ्या. प्रत्येक झाडाला आकडा द्या, गड्यांनी आणि आजीनं ठेवलेलं नावही शेजारी लिहा. आराखडा यानंतर.

पेव्हर ब्लॉकचं एक उदाहरण मी जवळून पाहिलंय. दापोलीकडच्या एका घरी गाडी थेट ओटीपर्यंत यावी म्हणून ठेकेदारानं अंगणावर खडी दाबून ब्लॉक बसवले आणि मधली चर 'लेव्हलला येत नाही' म्हणून बुजवली. जुलैत मागच्या पडवीत घोट्याएवढं पाणी. ते बाहेर काढता आलं, पण खरी हानी हळूहळू झाली. जांभा सच्छिद्र दगड. खाणीतून काढला तेव्हा मऊ असतो, वाऱ्यावर ठेवला की टणक होत जातो. पाणी मात्र तो शेवटपर्यंत पीत राहतो. भिंतीच्या पायाशी सिमेंट झालं की जमिनीतल्या ओलीला वर यायला भिंतीवाचून दुसरी जागाच उरत नाही. दोन पावसाळ्यांत माजघराची भिंत कमरेपर्यंत काळी पडली, गिलावा फुगला आणि तुळईच्या टोकाला वाळवी लागली. पुढं ब्लॉक काढायला बसवण्यापेक्षा जास्त खर्च आला.

तुमच्याकडे बेड्यापासून वर पाखाडी, म्हणजे चिऱ्यांची पायवाट, आहे असं लिहिलंय. मग गाडी खालीच राहू दे. पाहुणा पाखाडीनं दोन्ही बाजूंच्या पोफळींतून चालत वर येतो, वळणावर वाड्याचं कौलारू छप्पर दिसतं आणि मग ओटी. वाड्याची याहून चांगली ओळख मला कुठं दिसली नाही. सामानासाठी गडी ठेवा. वयस्कर पाहुण्यांसाठी एका बाजूनं लाकडी कठडा लावा आणि सुटलेले चिरे काढून वाळूच्या थरावर पुन्हा बसवा, सांध्यात सिमेंट भरू नका. शेवाळ ही पाखाडीची एकच खोड. जून ते ऑक्टोबर आठवड्यातून दोनदा ताठ खराट्यानं घासायला माणूस लागेल. तो खर्च धरूनच हिशोब करा. पाखाडीवर पडून पाहुण्याचा हात मोडलेला मी पाहिलाय. त्या आठवड्यात खराटा फिरला नव्हता.

हिरवळीचं गणित सोपं आहे. एप्रिलमध्ये दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरलं, तर एका गुंठ्याला सुमारे पाचशे लिटर. तीन गुंठ्यांना दीड हजार. उन्हाळ्यात एका मोठ्या माडाला चाळीस-पन्नास लिटर पुरतात. म्हणजे तुमच्या तीसएक माडांचं, जवळजवळ निम्म्या माडांचं पाणी त्या हिरवळीला द्यावं लागेल. तेही अशा महिन्यात, जेव्हा सहाही खोल्या भरलेल्या असतील आणि विहीर तळ दाखवत असेल. पावसाळ्यात तीच हिरवळ बुरशीनं चट्ट्याचट्ट्यांनी जाते. समोरचं अंगण अंगणच राहू द्या. दिवाळीनंतर चोपून, शेणानं सारवून घ्या, वर मांडव घाला, पोफळीचे खांब आणि माडाचे विणलेले झाप. मांडवाखालची दुपारची सावली मऊ असते. झापातून उन्हाचे ठिपके हलत राहतात आणि मुलं तिथंच खेळत बसतात. मेच्या अखेरीला मांडव उतरवायचा. झाप जुने झाले की माडाच्या आळ्यात आच्छादन म्हणून जातात.

विहिरीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या प्रश्नात तिचा उल्लेख नुसता 'शोभेसाठी रहाट पुन्हा बसवावा का' एवढाच आहे. किनाऱ्यालगतच्या विहिरीत गोड पाण्याचा थर जमिनीतल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. रहाट बैलाच्या चालीनं सावकाश उपसायचा, तेवढ्यात झऱ्यातून गोडं पाणी भरत राहायचं. मोठा पंप लावून तासाभरात विहीर खाली केली की वरचा गोड थर संपतो आणि खालचं खारं वर सरकतं. एकदा पाणी मचूळ झालं की पावसाळ्याशिवाय सुधारत नाही, आणि पोफळीला मचूळ पाणी अजिबात सोसत नाही. माड बऱ्यापैकी सोसतो, पोफळ पिवळी पडत जाते. तेव्हा लहान पंप घ्या, सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा वेळ चालवा आणि उंचावरच्या टाकीत पाणी साठवा. फेब्रुवारीपासून दर आठवड्याला पाण्यातले क्षार मोजा. मोजायचं यंत्र खिशात मावतं आणि महागही नाही. आकडा चढायला लागला की उपसा कमी करायचा, मग बुकिंग कितीही असो. रहाट बसवायचा असेल तर चालणारा बसवा. पन्हळीतून डोणीत पडणारं पाणी बघायला माणसं तासभर उभी राहतात.

न्हाणीचं पाणी पूर्वी परसातल्या केळी आणि अळूला जायचं. ती वाट आजही चालू ठेवता येते, पण सहा खोल्यांचा साबण आणि शॅम्पू थेट अळूत सोडू नका. आधी खडी-वाळूचा गाळणखड्डा, पुढं कर्दळ आणि केळी. शौचालयाची टाकी विहिरीपासून पन्नास फूट तरी लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवी. आपली जमीन चाळणीसारखी आहे, त्यामुळे आणखी लांब नेता आली तर न्या.

आता उंडी. इथं माझी स्वतःची चूक सांगायला हवी. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका घरच्या मंडळींना ओटीवरून समुद्र हवा होता, आणि मी होकार दिला. उंडीची सात झाडं आणि खालचा केवडा काढला. दृश्य खरंच सुंदर झालं. पुढच्या जूनमध्ये खारा वारा थेट आत आला आणि कोवळ्या पोफळींची पानं टोकांपासून तपकिरी झाली. उन्हाळ्यात त्याहून वाईट झालं. पश्चिमेचं ऊन पहिल्या दोन ओळींच्या खोडांवर पडू लागलं. पोफळीचं खोड भाजतं. आधी पिवळसर-तपकिरी डाग पडतो, मग तिथं चीर जाते आणि एखाद्या वादळी संध्याकाळी झाड तिथूनच मोडतं. तीन वर्षांत पस्तीस-चाळीस पोफळी गेल्या. पुन्हा लावलेली उंडी आता कुठं कामाला येते आहे. म्हणून दक्षिण आणि पश्चिम बाजूच्या सावलीला हात लावायचा नाही, हे मी प्रत्येक घरी पहिल्या भेटीतच सांगते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं आत शिरलं तेव्हा तिथल्या आणि दापोली तालुक्यातल्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. अशा वाऱ्यापुढं उंडीचं कुंपण पुरं पडत नाही, हे खरंच आहे. पण वादळ एखाद्या वर्षी येतं, खारा वारा दर पावसाळ्यात. आणि आज लावलेली पोफळ फळायला पाच-सहा वर्षं तरी घेते.

समुद्र दाखवायचाच असेल तर उंडीच्या दोन झाडांच्या खालच्या फांद्या माणसाच्या उंचीपर्यंत उतरवा आणि तिथं एक बाक ठेवा. फांद्यांच्या चौकटीतून दिसणारा समुद्र पुरेसा असतो. शिवाय पाहुणा तिथवर चालत जातो, वाटेत आगर बघतो. तोडायचा विचार कुणी पुन्हा काढला तर दोन गोष्टी आधी तपासा. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली आंबा, फणस, जांभूळ, किंजळ अशी अनुसूचित झाडं खाजगी जागेतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आणि भरतीरेषेपासून पाचशे मीटरच्या आत किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात. बांधकाम, भराव, सपाटीकरण, काहीही करण्याआधी तहसील कार्यालयात विचारा.

पाहुण्यांच्या सुरक्षेबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, म्हणून आपणहून लिहिते. माडाखाली माणूस बसवायचा नाही. झुल्याचा हट्ट सगळे धरतात, दोन माडांमध्ये झुला बांधलेला फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. सोललेला नसलेला नारळ चाळीस-पन्नास फुटांवरून डोक्यात पडला तर माणूस जातो. वाळलेली झावळही तितकीच वाईट. झुला आंब्याला किंवा फणसाला बांधा, तोही फणस धरलेले नसतील तेव्हा. ज्या वाटेवरून पाहुणे जातात तिथल्या माडांचे नारळ आणि सुक्या झावळ्या दर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उतरवून घ्या. आता माडावर चढून नारळ उतरवणारा चांगला पाडेली मिळणं कठीण झालंय. मिळाला तर त्याला बाजारभावापेक्षा जास्त द्या, त्याचा विमा काढा आणि त्याच्या सवडीनं तारखा ठरवा. नारळ उतरवताना बघायला पाहुण्यांना अंतरावर उभं करा. शहाळं कोयत्यानं तासून हातात आलं की मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

दुसरं, फुरसं, हा विषारी साप. आपल्याकडे जांभ्याच्या सुट्या दगडांखाली, पाचोळ्यात, गडग्याच्या भेगांत ते असतंच. एवढंसं असतं, रंग मातीत मिसळून जातो. मुख्य वाटा पाच फूट रुंद आणि झाडलेल्या ठेवा, सोडणांचे (नारळाच्या सालींचे) आणि लाकडांचे ढीग घरापासून लांब, अंधारानंतर प्रत्येक पाहुण्याच्या हातात विजेरी. सर्पदंशावरचं प्रतिविष जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे याची पावसाळ्याआधी स्वतः जाऊन खात्री करा आणि त्या दवाखान्याचा क्रमांक प्रत्येक खोलीत लावा. हे वाचून पाहुणे घाबरतील असं तुमच्या भावाला वाटेल. माझा अनुभव उलटा आहे. नीट सांगितलं की माणसं नीट वागतात.

दिवे मात्र कमी लावा. वाटेकडेला गुडघ्याएवढ्या उंचीचे, पिवळे, खाली प्रकाश टाकणारे दिवे पुरतात. झाडांवर झोत सोडू नका. मेच्या शेवटी, पहिल्या सरींच्या आसपास काजवे येतात आणि लख्ख उजेडात त्यांना एकमेकांचा प्रकाश दिसत नाही. त्या दोन-तीन आठवड्यांत रात्री आठ नंतर परसाकडचे दिवे पूर्ण बंद ठेवणारं एक घर मला माहीत आहे; तिथं पाहुणे वर्षभर आधी त्याच दिवसांची खोली मागतात.

लावायचंच असेल तर काय लावावं? शोभेच्या पामांचे पैसे मसाल्याच्या झाडांवर घाला. माडात पंचवीस फुटांचं अंतर असतं, तेवढ्या जागेत पुष्कळ मावतं. रत्नागिरीजवळ भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रानं माडाच्या बागेत जायफळ, दालचिनी, मिरी, केळी, अननस असं एकत्र घेण्याची जी पद्धत रुजवली तिला आपल्याकडे लाखी बाग म्हणतात. एकदा भाट्याला जाऊन बघून या. उत्पन्न येईलच, पण पाहुण्यांच्या दृष्टीनं त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दर महिन्याला दाखवायला काहीतरी असतं. पिकलेलं जायफळ झाडावरच उकलतं आणि आतून लालभडक जायपत्री दिसते. मसाल्याच्या डब्यात वर्षानुवर्षं ठेवलेली वस्तू अशी असते हे पुण्या-मुंबईच्या माणसाला पहिल्यांदा कळतं. मिरी पोफळीवर चढवा. जायफळात नर-मादी झाडं वेगळी असतात, म्हणून बियांची रोपं घेऊ नका, दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडची कलमं घ्या.

नारळाची सोडणं विकू नका. माडाच्या आळ्यात पोकळ बाजू वर करून दोन-तीन थरांत पुरा. पावसाळ्यातली ओल ती उन्हाळ्यापर्यंत धरून ठेवतात. शेणखताचा खड्डा मात्र सारखा उलथत राहा. गेंड्या भुंग्याची अंडी-अळ्या तिथंच वाढतात आणि मग माडाच्या नव्या झावळ्या कात्रीनं कापल्यासारख्या त्रिकोणी कातरलेल्या निघतात. पोफळीवर कोळेरोगासाठी, म्हणजे फळं कुजवणाऱ्या रोगासाठी, एक टक्का बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर करावी लागते, नेमके तेव्हा मेचे पाहुणे असतात. मेच्या शेवटच्या आठवड्यातले दोन दिवस आतापासूनच बुकिंगसाठी बंद ठेवा. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दुसरी फवारणी, तेव्हा घर बहुधा रिकामंच असतं.

आता तुमची तोडायची यादी. रातांब्यातही नर-मादी वेगळी. जी दोन झाडं फळत नाहीत ती नर असणार, आणि बाकीच्या झाडांना फळ धरतं त्यात त्यांचा वाटा आहे. एक तसंच राहू द्या. दुसऱ्याची जागा हवीच असेल तर तोडण्याऐवजी त्याच्यावर मादी झाडाच्या काड्यांची कलमं बांधता येतात. जाणकार माणूस मिळाला तर चार-पाच वर्षांत फळ दिसेल. मेमध्ये रातांबे उतरवून आगळ (कोकमाचा रस) काढायचं काम पाहुण्यांसमोर अंगणातच करा. हात लाल होतात, मुलं येऊन बसतात, आणि जाताना प्रत्येक जण एक बाटली घेऊन जातो.

सुरंगी तोडू नका. ती इतकी सावकाश वाढते की तुमच्या झाडाची उंची पाहता ते पणजोबांच्या हातचं असावं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती जुन्या फांद्यांवर, पार खोडाजवळपर्यंत कळ्यांनी भरते. कळ्या उजाडायच्या आत काढाव्या लागतात. ऊन वर आलं की फूल उमलतं आणि गजऱ्याच्या कामाचं राहत नाही. गावातल्या ज्या बायका गजरे करतात त्यांना विचारा, कळ्या काढायचं काम त्यांना द्या. बदल्यात रोज सकाळी न्याहारीच्या वेळी ओटीवर परडीभर कळ्या ठेवायला सांगा. झाडाखाली कचरा होतो म्हणून तक्रार आहे ना? त्या दोन महिन्यांत खाली जुनी धोतरं अंथरा आणि समुद्राकडच्या अंगाची खोली कुणाला द्यायच्या आधी तुम्ही स्वतः एक रात्र तिथं झोपून बघा. पहाटे पाचच्या सुमारास खिडकी उघडा. वास आधी येतो, आणि फटफटायला लागलं की मधमाश्यांचा आवाज.